अर्धा किलो साबुदाणा

आमच्या घरात पिस्तूल आलं ते भिशीच्या पैशातून. बारा जणींची भिशी, दर महिन्याला दहा हजार, आणि माझी चिठ्ठी निघाली ऐन पोळ्याच्या आठवड्यात. आधीच्या जणींपैकी एकीने पाटल्या मोडून नव्या केल्या होत्या, एकीने मुलाच्या कोटाच्या क्लासची फी भरली होती. मी सांगितलं, पिस्तूल घेणार आहे. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग एकीने हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?"

सासूबाईंचा हिशेब सरळ होता. "तोळा लाखाच्या वर गेला आणि तू लोखंड आणून राहिली?" त्यात लोखंडापेक्षा ॲल्युमिनियम आणि अक्रोडाचं लाकूडच जास्त असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्याने माझी बाजू काही बळकट झाली नसती.

या सगळ्याचं मूळ माझ्या मुलीत. २०२४ च्या जुलैत मनू भाकरने पॅरिसला १० मीटर एअर पिस्तुलात ब्राँझ घेतलं, चार दिवसांनी आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये घेतलं, आणि नागपुरातल्या आमच्या नेमबाजीच्या रेंजवर पोरांची रांग लागली. त्या रांगेत नववीतली आमची कन्याही होती. तीन महिने मनापासून गेली. मग दहावीची ट्यूशन लागली, पहाटेची झोप प्यारी झाली आणि एक दिवस तिने जाहीर केलं की तिला आता गिटार शिकायची आहे. फी मात्र सहा महिन्यांची भरलेली होती आणि ती परत मिळणार नव्हती. मी सरकारी कचेरीत लेखा शाखेत काम करते. भरलेला पैसा वाया जाताना पाहणं माझ्या स्वभावात बसत नाही. उरलेले तीन महिने मी जायला लागले.

तेव्हा वय शेहेचाळीस. शेजारच्या लेनवर बारा वर्षांची मुलगी, पलीकडे पोलिस भरतीची तयारी करणारा एक मुलगा. सगळे मला काकू म्हणत. सत्तावीस वर्षांचा कोच मॅडम म्हणायचा. पहिल्या कार्डावर, म्हणजे लक्ष्याच्या कागदावर, दहा शॉट्सचे शंभरपैकी एकेचाळीस आले आणि त्यातला एक छर्रा शेजारच्या मुलीच्या कार्डावर गेला. तिने तो अतिशय सभ्यपणे मला दाखवला.

एअर पिस्तूल हा एका हाताचा खेळ. लक्ष्याला आडवं उभं राहायचं, दुसरा हात खिशात नाहीतर पट्ट्यात खोचायचा, आणि साधारण किलोभर वजनाची वस्तू खांद्याच्या रेषेत धरून श्वास अर्ध्यावर थांबवायचा. वाचताना काही वाटत नाही. एक लिटर दुधाची पिशवी हात सरळ करून मिनिटभर धरून पाहा. समोर दहा मीटरवर १७ सेंटिमीटर चौरस कार्ड, त्यात ५९.५ मिलिमीटरचा काळा गोल, आणि त्याच्या मध्यभागी दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. शर्टाचं बटण असतं तेवढं. स्पर्धेत असे साठ शॉट्स पंचाहत्तर मिनिटांत मारायचे.

मला ते आवडलं. का आवडलं, तर आमच्या कामासारखंच आहे म्हणून. ताळेबंद जुळत नसला की आम्ही जुने लोक आधी एक गोष्ट पाहतो: फरकाला नऊने भाग जातो का. जात असेल तर बहुतेक वेळा कोणीतरी आकडे उलटे लिहिलेले असतात, ५४ च्या जागी ४५. फरक कुठून आला हे एकदा कळलं की राग येत नाही, पेन उचलून दुरुस्त करता येतं. कळलं नाही तर मात्र रात्रीचं जेवण जात नाही. ही नऊची गोष्ट मी पुढे पिस्तुलालाही लावली, आणि माझी सगळी खरेदी त्या एका प्रश्नावर येऊन ठेपली: छर्रा चुकला तर चूक कोणाची, हे मला कळणार आहे का?

पण तो शहाणपणा नंतरचा. आधी मी साडेआठ हजार घालवले.

झालं असं की रेंजवर पाच पिस्तुलं आणि शिकणारे वीस. आपला नंबर येईपर्यंत हात थंड पडायचा. म्हटलं, स्वतःचं एक घ्यावं, स्वस्तातलं. शहरातल्या एका दुकानात गेले. तिथल्या काउंटरवर दोन जातीची पिस्तुलं होती. एक जात दिसायला अगदी सिनेमातल्यासारखी, काळीकुळकुळीत, आत गॅसची छोटी नळकांडी बसवायची आणि पोलादी गोळ्या मारायच्या. विकणारा त्यांचं भारी कौतुक करत होता. एवढं मात्र मला तेव्हाही माहीत होतं की आमच्या रेंजवर पोलादी गोळीला बंदी आहे, कारण शिसं आपटलं की चपटं होतं, पोलाद आपटलं की उलटं येतं. दुसरी जात स्प्रिंगची. नळी मोडून खाली दाबायची, आत स्प्रिंग ताणली जाते, छर्रा भरायचा, नळी परत बसवायची. दुकानदार म्हणाला, "ताई, सुरुवातीला हेच घेते सगळे. अचूक आहे." मी आधार कार्डाची प्रत दिली, पावती घेतली, डिकीत ठेवून घरी आले.

इथे कायद्याचं सांगून टाकते, कारण मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न तोच. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास. गुणाकार करून पाहिला, साडेपाच जूलच्या आगेमागे येतं. म्हणजे मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पॉइंट टू टू, म्हणजे .२२ बोअरच्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी. त्यात दारू असते, काडतूस असतं, म्हणून परवाना लागतो. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं ते त्या २५ मीटरच्या पिस्तुलात. तिकडे वळायची हौस मलाही एकदा आली होती. पोलिस पडताळणी, अर्ज, चकरा, आणि त्यानंतर घरात काडतुसं कुलपात ठेवायची जबाबदारी, हे सगळं एका कागदावर लिहून पाहिलं आणि तो कागद फाईलला लावला. पहिलं पिस्तूल हवेचंच, याबाबत माझ्या मनात आता शंका नाही.

परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणं आहे असं नाही. दहा मीटरवरूनही डोळा जातो. आमच्याकडे ते कुलपात असतं, छर्रे वेगळ्या कपाटात, आणि नळीत नेहमी भडक केशरी दोरी, दोन्ही टोकं बाहेर. ती दोरी दिसली की आत छर्रा नाही हे कोणालाही लांबून कळतं. नागपूरकराला केशरी रंगाचं अप्रूप नको, पण रेंजवर मी त्या रंगावर देवापेक्षा जास्त विश्वास ठेवते.

तर, साडेआठ हजारांचं पिस्तूल घेऊन मी मोठ्या तोऱ्यात रेंजवर गेले. कोचने पेटी उघडली, पाहिलं आणि पुन्हा मिटवली.

"मॅडम, हे काहून घेऊन आल्या?"

"सुरुवातीला बरं ना."

"सुरुवातीलेच तर बरं नाही ना."

पण तोंडाने समजावण्यापेक्षा दाखवण्यावर त्याचा भर. त्याने ते पिस्तूल टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवलं आणि स्वतः पाच छर्रे मारले. पाच भोकं पाच गावांना. मग क्लबचं जुनं स्विस पिस्तूल तसंच टेकवून पाच मारले. कार्डावर हरभऱ्याएवढं एकच भोक. "आता सांगा," तो म्हणाला, "हे पहिलं हातात धरून तुमचा छर्रा साताला गेला, तर सात तुमचा की याचा?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि मला नेमकी तीच गोष्ट खुपली. घरी जाऊन मी त्या पिस्तुलाची चार कार्डं पुढ्यात घेऊन बसले होते. भोकं अशी विखुरलेली, जशी कोणी मुठीने मोहरी फेकली. यातली माझी किती, स्प्रिंगची किती? सुट्या स्प्रिंगचं असं होतं की ती पुढे धावताना पिस्तुलाला एक धक्का मागे, एक पुढे देते, आणि छर्रा नळीच्या बाहेर पडायच्या आतच हात हललेला असतो. मुठीची पकड जरा घट्ट झाली तर एक, सैल झाली तर दुसरंच. मुरलेला नेमबाज हे सांभाळूनही चांगलं मारतो. नवखा माणूस दोन चुकांच्या बेरजेतून आपली चूक वजा करू शकत नाही. दोन अज्ञात, समीकरण एक.

कोचने मग फळ्यावर एक साधं गणित मांडलं, ते मात्र मला पटकन कळलं. पिस्तुलाच्या मागच्या खाचेपासून (बॅकसाइट) पुढच्या खुंटापर्यंतचं (फोरसाइट) अंतर साधारण ३२ सेंटिमीटर. फोरसाइट आणि बॅकसाइट यांची जुळणी एक मिलिमीटरने चुकली तर दहा मीटरवर छर्रा सुमारे ३१ मिलिमीटर लांब पडतो. एका मिलिमीटरमध्ये दहाचे सात होतात. उलट दोन्ही साइट नीट जुळलेल्या असतील आणि नुसता हात डुलत असेल, तर हात जितका डुलला साधारण तितकंच नुकसान. म्हणून नजर कार्डावर ठेवायची नाही, फोरसाइटवर ठेवायची, आणि काळा गोल धूसर दिसला तरी दिसू द्यायचा. चाळिशीनंतर जवळचं धूसर आणि लांबचं स्पष्ट दिसतं, हा निसर्गाचा खास माझ्यासाठी काढलेला चिमटा. चष्मेवाल्याला मी हात लांब करून दाखवलं, इथे दिसायला हवं. तो बिचारा वाचनाचं अंतर मोजत बसला.

ते साडेआठ हजार माझ्या वहीत अजून "शिक्षण खर्च" या शीर्षाखाली आहेत. अर्ध्या किमतीत घ्याल का म्हणून त्या दुकानात विचारलं होतं. दुकानदाराला मी कोण तेच आठवेना.

त्यानंतरचे आठ महिने मी काहीच विकत घेतलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात परवडलेली गोष्ट हीच. क्लबचीच पिस्तुलं आलटून पालटून वापरली. एक स्विस, एक ऑस्ट्रियन, एक जर्मन, आणि एक रशियातल्या इझेव्स्कचं म्हातारं इझ-४६. त्याला खाली लांब दांडा असतो, एकदा उघडून मिटला की एका शॉटपुरती हवा दाबली जाते. ना सिलिंडर, ना पंप, ना गॅस. दिसायला शेतीच्या अवजारासारखं, पण मारतं सरळ. जगभरात किती गरीब नेमबाज त्यावर शिकून गेले असतील कोण जाणे. मला ते मिळालं असतं तर तेच घेतलं असतं. मिळालं नाही. शिवाय साठ शॉट्स म्हणजे साठ वेळा तो दांडा, आणि माझ्या उजव्या खांद्याने तिसाव्यालाच हात जोडले.

गॅसवाल्या जुन्या स्पर्धा-पिस्तुलांचाही एक देकार आला होता, खूप स्वस्तात. नाव घ्यावं असं कारखान्याचं पिस्तूल, पण कार्बन डायऑक्साइडवर चालणारं. पुणेकराने घ्यावं कदाचित. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहतच नाही, आणि तापमान बदललं की त्याचा दाब बदलतो, दाब बदलला की छर्ऱ्याची उंची बदलते. आमच्याकडे मार्चमध्ये पंखा लावला तरी ३१ अंशांची हवा अंगावर येते, मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि रेंजवरचा कूलर फक्त आपल्या समोरच्या दोन लेनना थंड करतो. म्हणजे कूलरसमोर एक झिरो, म्हणजे साइटची जुळवणी, आणि कोपऱ्यात दुसरा. पुन्हा तोच प्रश्न, चूक कोणाची.

उरली ती दाबलेल्या हवेची. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरायची, आतला रेग्युलेटर प्रत्येक शॉटला सारखाच घोट देतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज करा. नवी परदेशी घ्यायची तर दीड-दोन लाखांची बात, ती माझ्या भिशीच्या बाहेर. जुनी घ्यायची ठरली.

या आठ महिन्यांत मला माझा हात कळला होता. हे फार महत्त्वाचं, आणि याला पैसे पडत नाहीत. पिस्तुलाची मूठ, म्हणजे ग्रिप, चपलेसारखी मापाची येते: लहान, मध्यम, मोठी. माझा हात लहान. मोठ्या ग्रिपवर माझं बोट ट्रिगरपर्यंत पोचायचं ते तिरकं, आणि तिरकं बोट ट्रिगर मागे ओढत नाही, बाजूला ढकलतं. क्लबमध्ये उंच, रुंद हाताच्या मुलांना जे पिस्तूल "लोणी" वाटायचं ते माझ्या हातात लाकडाचा ओंडका व्हायचं. तेव्हा कोणी "हेच घ्या, बेस्ट आहे" म्हणालं की मी विचारते, तुमचा हात दाखवा.

जुनं पिस्तूल मिळालं एका खेळाडूच्या घरून. मुलगा नोकरीला लागला, खेळ सुटला, वडील विकत होते. एक लाख दहा हजार. शहर आणि गृहस्थ कोण, ते राहू द्या. मी तयारीनिशी गेले होते. नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा हवा. स्पर्धेआधी पंच त्याला वजन टांगून पाहतात: नळी आकाशाकडे, ट्रिगरला वजन अडकवून उचलायचं, ट्रिगर पडला तर नापास. माझ्याकडे पंचांचं वजन कुठून असणार? स्वयंपाकघरात अर्धा किलो साबुदाण्याचं न फोडलेलं पाकीट होतं. त्याला सुतळी बांधली, सुतळीला तारेचा आकडा केला आणि पर्समध्ये टाकून नेलं. त्या गृहस्थांच्या दिवाणखान्यात, नळी रिकामी असल्याची खात्री करून, मी पिस्तूल उभं धरलं आणि साबुदाणा टांगला. हळूहळू उचलला. पाकीट टेबलावरून सुटलं, अधांतरी फिरलं, ट्रिगर पडला नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा नाही. ते गृहस्थ आणि त्यांची पत्नी काही न बोलता पाहत होते. त्या बाईंनी शेवटी विचारलं, "उपवास आहे का तुमचा?"

मी इतकी खूश झाले की बाकी पाहणं थोडक्यात आटोपलं. नळीत डोकावलं, साइटचे स्क्रू फिरवून पाहिले, कारखान्यातून आलेलं चाचणीचं कार्ड पाहिलं, एकच ओबडधोबड भोक. पैसे दिले. गृहस्थ म्हणाले, "एकदम कंडिशन आहे, काही पाहायची गरज नाही."

दुसऱ्या दिवशी कोचने पिस्तुलाकडे पाहायच्या आधी सिलिंडर काढून उजेडात धरला.

"तारीख पाहिली मॅडम?"

सिलिंडरवर बारीक अक्षरांत बनवल्याचं साल कोरलेलं असतं. या हवेच्या सिलिंडरांची मुदत कारखाना दहा वर्षांची देतो, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. ही जबाबदारी खेळाडूची. माझ्या सिलिंडरची मुदत संपून चौदा महिने झाले होते. २०० बार हवा भरलेली एक जुनी नळी तोंडापासून हातभर अंतरावर धरून मी नेम धरणार होते.

मला त्या गृहस्थांचा राग आला, खोटं कशाला बोलू. फोन केला. ते म्हणाले, "आम्ही तर तेच वापरत होतो, काही होत नाही." पण जास्त राग आला तो माझा. घरी गॅसचं सिलिंडर आलं की मी डिलिव्हरीवाल्याला दारात उभं करून आधी वरच्या पट्टीवरचं अक्षर पाहते. ए म्हणजे मार्च, बी म्हणजे जून, पुढे सी आणि डी, शेजारी साल. तारीख गेलेली असेल तर उतरवू देत नाही. वीस वर्षांची सवय. आणि इथे एक लाख दहा हजार मोजताना साबुदाणा टांगत बसले! आकडा पाहायचं माझं काम, आणि आकडाच पाहिला नाही.

नवा सिलिंडर मागवला. भिशीतले उरलेले दहा हजार गेले, वरचे पगारातून. यजमानांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "साबुदाण्याला पण तारीख असते, ती पाहिली होती का?" मी उत्तर दिलं नाही.

सिलिंडर यायला पाच आठवडे लागले. त्या काळात ग्रिप केली. आधीच्या मुलाचा हात माझ्यापेक्षा मोठा होता, आणि ग्रिप नेमकी कुठे टोचते ते मला बोटाने दाखवता येईना. एके सकाळी देवपूजा करताना कुंकवाचा करंडा हातातून सांडला, तळहात लाल झाला आणि युक्ती सुचली. ओलसर तळव्याला कुंकू लावलं, ग्रिप नेहमीसारखी धरली, उचलली, सोडली. लाकडावर लाल डाग उमटले. अंगठ्याच्या खाली मोठा डाग, म्हणजे तिथे लाकूड जास्त. तळहाताच्या मधे लाकूड कोरंच, म्हणजे तिथे पोकळी. आमच्या महाल भागातल्या सुतारकाकांकडे ती नुसती ग्रिप घेऊन गेले, पिस्तूल नाही. त्यांनी कानस हातात घेतली, लाल डागावर दोन हात मारले, वास घेतला. "अक्रोड आहे," म्हणाले, "देवळातलं आहे का?" कुंकवामुळे तसं वाटलं असावं. मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. कानस, पॉलिश पेपर, पुन्हा कुंकू, पुन्हा कानस. पोकळीत लाकडाची पुट्टी भरली. चार फेऱ्या झाल्या. त्यांनी शंभर रुपये घेतले आणि विचारलं, "हे कायची मूठ होय बापा?" मी सांगितल्यावर त्यांनी ती परत हातात घेऊन एकदा रस्त्याच्या पलीकडच्या पाटीवर नेम धरला. प्रत्येक माणूस धरतो. म्हणून तर पिस्तूल नेलं नव्हतं.

बाकीचा खर्च कोणी विचारत नाही म्हणून सांगते. छर्रे चपट्या तोंडाचे लागतात, कागदात पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडणारे, पाचशेचा डबा. आठवड्याला दोन सराव म्हटले तर डबा महिनाभर पुरत नाही. रेंजची फी, कार्डं, हवा भरणं. वर्षाचं एकूण काढलं तर पिस्तूल घेताना जी घासाघीस केली ती पाण्यात. फुकट एकच गोष्ट, ड्राय. हवेशिवाय, छर्ऱ्याशिवाय, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून नुसता ट्रिगर दाबायचा आणि त्या क्षणी फोरसाइट हलली का ते पाहायचं. आमच्या मागच्या खोलीची पांढरी भिंत माझ्याइतकी कोणी पाहिली नसेल. आणि हो, छर्रे शिशाचे. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय कोपऱ्यावरच्या तर्री पोह्याला शिवायचं नाही, हा कोचचा नियम. पोरं पळतात, तो मागून ओरडतो.

वाहतुकीचंही एक आहे. मेट्रोने गेलं तर सोयीचं, पण तपासणीच्या पट्ट्यावर पेटी उघडून समजावत बसण्यात अर्थ नाही, म्हणून स्कूटी. उन्हाळ्यात डिकीत भरलेला सिलिंडर ठेवून बाजारात फिरायचं नाही. रेंजवरून सरळ घरी.

जिंकणाऱ्यांचंही पिस्तूल बिघडतं, हे मी स्वतःला बजावत असते. टोकियोत मनू भाकरचं पात्रता फेरीत बिघडलं, वेळ गेला, ५७५ वर बारावा क्रमांक, अंतिम फेरी हुकली. पण तिला नेमकं काय बिघडलं ते ठाऊक होतं. त्यानंतर तीन वर्षांनी पॅरिस. देशाच्या रायफल असोसिएशनचे १९५१ मधले पहिले अध्यक्ष आपले गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचेही पहिले अध्यक्ष. राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी पात्रता स्पर्धा आजही त्यांच्या नावाने होते. माझं स्वप्न तिथवर नाही. सध्या जिल्ह्यात शेवटून तिसरी आले तरी चालेल.

सिलिंडर आला, भरला, ग्रिप बसवली. झिरो करायला कोच शेजारी उभा. पहिले चार: नऊ, नऊ, दहा, आठ. हात भरून आला, पण मी थांबले नाही. पाचवा सहाला गेला, खाली डावीकडे. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं, केशरी दोरी घातली आणि म्हटलं, "साइट सरकली वाटते. जुनं आहे ना."

तो काही बोलला नाही. दोरी काढली, एक छर्रा भरला, माझ्याच कार्डावर एक मारला. त्याच्या मोठ्या हातात माझी छिललेली ग्रिप मावत नव्हती, करंगळी बाहेर लोंबत होती. दहा. त्याने दोरी परत घातली, पिस्तूल माझ्यासमोर ठेवलं आणि शेजारच्या लेनवर बारा वर्षांच्या मुलीकडे गेला.

खाली डावीकडे, म्हणजे उजव्या हाताने ट्रिगर हिसकला. नऊने भाग जात होता.

ते कार्ड ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. पाच माझे, एक त्याचा. साबुदाण्याचं पाकीट मात्र चतुर्थीला सासूबाईंनी फोडलं. त्याला सुतळी का बांधली आहे, ते त्या अजून विचारतात.